टोकियोत उतरा, ओसाकाहून परत या

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही दोघं राजारामपुरीत राहतो, लग्नाला सहा वर्षं झाली पण परदेशात अजून एकदाही गेलो नाही, यावेळी जायचंच असं ठरवलंय. मिसेस शाळेत शिक्षिका आहे त्यामुळं २०२६ च्या दिवाळीची सुट्टी हाच काय तो चान्स. देश जपान, आणि फिरायचं सगळं ट्रेननं, कारण मला शिंकान्सेनचं म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनचं लहानपणापासून वेड आहे. मी प्लॅन केलाय तो असा: टोकियो २ रात्री (त्यातच एक दिवस निक्को), हाकोने १, ताकायामा १, क्योटो २ (त्यातच नारा), हिरोशिमा १, ओसाका १, परत टोकियोला १ रात्र आणि मग विमान. मित्र २०१९ ला जाऊन आलाय, तो म्हणतोय जेआर पास (जपानी रेल्वेचा, ठरावीक दिवस हवं तेवढं फिरायचा पास) काढल्याशिवाय पाऊलच टाकू नको. बायको म्हणती हे फिरणं नव्हं, नुसतं बॅगा उचलणं आहे, तिला फुजी पर्वत बघायचाय आणि एखाद्या गावात निवांत बसायचंय. रोज रात्री जेवताना यावरनं आमचं वाजतंय. सासऱ्यांचं तिसरंच, ते म्हणतात भाषा येत नाही तर टूर कंपनीबरोबर जावा. तुम्हीच सांगा, कोण बरोबर? आणि पास काढू का नको?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: वहिनी बरोबर आहेत. तुमचं शिंकान्सेनचं वेडही पूर्ण होणार आहे, काळजी करू नका, पण प्लॅन मात्र बदला.

तुमच्या यादीत नऊ रात्री आहेत आणि हॉटेलं सात. जपानमध्ये बहुतेक हॉटेलात सकाळी दहा-अकराला रूम सोडायची आणि नवीन गावात दुपारी तीनला रूम मिळायची, मधले चार-पाच तास बॅग लॉकरमध्ये ठेवा, काढा, स्टेशन शोधा, जेवण कुठं ते बघा यातच जातात. गाडी दोन तासांचीच असली तरी गाव बदललं की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. म्हणजे नऊ दिवसातले तीन-साडेतीन दिवस तुम्ही नुसते इकडून तिकडं जाण्यात घालवणार, आणि एवढे पैसे घालून गेल्यावर क्योटोत देवळाच्या पायरीवर दहा मिनिटं बसायलासुद्धा सवड नाही असं व्हायला नको. नवराबायको पहिल्यांदा बाहेर चाललाय, दमून एकमेकांवर चिडायची वेळ यात सगळ्यात जास्त येते ती सामान घेऊन पळताना.

आता दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुम्ही टोकियोला जाऊन पार हिरोशिमापर्यंत खाली जाणार आणि विमानासाठी परत टोकियोला येणार. हिरोशिमा ते टोकियो शिंकान्सेननं चार तास आणि माणशी जवळपास वीस हजार येन, आणि त्यातनं नवीन काहीच बघायला मिळत नाही. त्याऐवजी विमानाचं तिकीट काढतानाच 'मल्टी-सिटी' हा पर्याय घ्या, जाताना मुंबई ते टोकियो, येताना ओसाका ते मुंबई. ओसाकाचा कान्साई विमानतळ मोठा आहे, एक ठिकाणी विमान बदलून मुंबईला यायची सोय होते. पण दोन वेगवेगळी एकेरी तिकिटं काढू नका, ती बहुतेक वेळा महाग पडतात, एकाच बुकिंगमध्ये मल्टी-सिटी करा आणि मग भाव बघा. भाव रिटर्नपेक्षा थोडा जास्त दिसला तरी ओसाका-टोकियोचं दोघांचं भाडं आणि एक अख्खा दिवस वाचतोय हे त्यात धरा.

मी तुमच्या जागी असते तर असं गेले असते: टोकियो ४ रात्री, कानाझावा २, क्योटो ३, हिरोशिमा २, शेवटची १ ओसाका. बारा रात्री, पाच हॉटेलं. हिरोशिमाहून ओसाकाला दीड तास मागं यायचं, एवढंच काय ते उलटं. निक्को, हाकोने, ताकायामा तिन्ही काढून टाकले बघा. वाईट वाटेल, पण ताकायामा सोडल्याचं दुःख कानाझावा भरून काढेल.

कानाझावा कशासाठी ते सांगते, कारण भारतातनं जाणाऱ्यांच्या यादीत हे गाव सहसा नसतंच. होकुरिकू शिंकान्सेन २०१५ च्या मार्चमध्ये इथवर आली, टोकियोहून कागायाकी नावाची गाडी अडीच तासात पोचवते. गाव आपल्या कोल्हापूरसारखं पायी आणि बसनं फिरण्याजोगं. जुनी लाकडी घरांची चहाची गल्ली आहे, ओमिचो नावाचा मासळीबाजार आहे, आणि देशातला जवळपास सगळा सोन्याचा वर्ख इथंच तयार होतो, सराफांच्या गुजरीत वाढलेल्या माणसाला तर ती दुकानं बघून सोडवणार नाहीत. पण मुख्य म्हणजे केनरोकुएन बाग. तुम्ही नोव्हेंबरात जाताय ना, तिथं १ नोव्हेंबरपासून पाईनच्या झाडांना बर्फासाठी दोऱ्या बांधायला सुरुवात होते. झाडाच्या मधोमध उंच खांब उभा करतात, त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीला एकेक दोरी खाली सोडून बांधतात, बर्फाच्या ओझ्यानं फांदी मोडू नये म्हणून. माळी शिडीवर चढून एकेक दोरी ताणतात, हातानं ओढून बघतात, मग पुढची. झाड पूर्ण बांधून झालं की शेंड्यापासून खालपर्यंत दोऱ्यांची छत्री उघडल्यागत दिसते. वहिनींना निवांत बसायचंय ना, ते इथं बसा.

कानाझावाहून क्योटोला जाताना एक गाडी बदलायला लागते. २०२४ च्या मार्चपासून शिंकान्सेन त्सुरुगापर्यंत वाढलीय, तिथं उतरून थंडरबर्ड नावाची साधी एक्स्प्रेस घ्यायची. मिरजेला गाडी बदलतो तसंच, फक्त इथं वर शिंकान्सेन आणि बरोबर तिच्या खाली थंडरबर्ड, एस्कलेटरनं उतरलं की झालं, मध्ये आठ-दहा मिनिटं मिळतात आणि ती पुरतात. वरच्या पातळीवर घुटमळत फोटो काढू नका एवढंच. थंडरबर्डमध्ये डाव्या बाजूची सीट मागा, क्योटो येईपर्यंत बिवा सरोवर त्याच बाजूला दिसत राहतं.

या वाटेनं गेलं की गाडीतनं फुजी जवळनं दिसत नाही, हे आधीच सांगते, कारण टोकियो-क्योटोची सरळ लाइन सोडून आपण वरनं फिरून जातोय. म्हणून टोकियोच्या चार रात्रींतला एक दिवस फुजीसाठी राखा. शिंजुकू स्टेशनवरनं फुजी एक्स्कर्शन नावाची गाडी थेट कावागुचिको तळ्यापर्यंत दोन तासांच्या आत जाते. तिच्यात सगळी सीट रिझर्व्ह, दिवसाला मोजक्याच गाड्या, आणि शनिवार-रविवारी लवकर फुल होते, म्हणून मधला वार धरा आणि सकाळची पहिली गाडी धरा, डोंगर सकाळी जास्त मोकळा असतो. ढग आले तर काय हा प्रश्न राहतोच. त्यासाठी शिंजुकूहूनच हायवे बस आहे, ती ऐनवेळी बदलायला सोपी, आदल्या रात्री हवामान बघून दिवस ठरवायचा असेल तर बसच बरी.

आणि समजा सुट्टी कमी मिळाली, बारा रात्री जमतच नाहीत, तर कानाझावा सोडा, टोकियोहून सरळ क्योटोची तोकाइदो शिंकान्सेन घ्या. १९६४ च्या १ ऑक्टोबरला सुरू झालेली हीच ती पहिली लाइन, तुमच्यासारख्या वेड्या माणसाला तिचं महत्त्व मी सांगायला नको. नोझोमी गाडीला सव्वा दोन तास लागतात. साध्या डब्यात एका बाजूला तीन सीट, दुसऱ्या बाजूला दोन. डी आणि ई या दोन सीट घ्या, दोघांना बरोब्बर, आणि ई खिडकीची. टोकियो सोडल्यावर पाऊण तासाच्या आसपास उजवीकडं फुजी येतो. तेवढा वेळ मोबाईल खाली ठेवून बाहेर बघा.

आता पास. तुमचा मित्र खोटं बोलत नाहीये, तो गेला तेव्हा त्याचं गणित बरोबर होतं. सगळ्या जपानात चालणारा सात दिवसांचा जेआर पास तेव्हा तीस हजार येनांच्या आत होता, टोकियो-क्योटो जाऊन-येऊनच जवळजवळ वसूल व्हायचा. २०२३ च्या ऑक्टोबरात तो २९,६५० वरनं एकदम ५०,००० येन झाला. आणि एवढं भरूनही सगळ्यात वेगवान नोझोमीत बसायचं तर वरनं वेगळे पैसे द्यायला लागतात.

तुमचा हिशोब मांडून दाखवते, आकडे साधारण आहेत, तिकीट काढायच्या आधी एकदा चालू दर बघून घ्या. टोकियो ते कानाझावा चौदा हजारांच्या थोडं वर, कानाझावा ते क्योटो आठ हजारांच्या आसपास. ही दोन तिकिटं सुटी काढा. क्योटोच्या पुढं मात्र एक छोटा पास आहे तो तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे, कान्साई-हिरोशिमा एरिया पास, ओळीनं पाच दिवस, १७,००० येन. त्यात शिन-ओसाका (ओसाकाचं शिंकान्सेन स्टेशन) ते हिरोशिमाची शिंकान्सेन येते, मियाजिमा बेटावर जाणारी जेआरची फेरी येते, आणि शेवटी कान्साई विमानतळावर जाणारी हारुका एक्स्प्रेससुद्धा येते. सुटी तिकिटं काढली तर एवढ्याचेच पंचवीस हजारांच्या घरात जातात. त्यात एक मेख आहे, क्योटो ते शिन-ओसाका हा शिंकान्सेनचा तुकडा दुसऱ्या जेआर कंपनीचा, तो या पासवर चालत नाही. म्हणून क्योटोहून शिन-ओसाकापर्यंत साध्या जेआर लोकलनं जावा, अर्धा तास लागतो, तिथनं शिंकान्सेन पकडा. पास हिरोशिमाला निघायच्या सकाळी सुरू करा म्हणजे विमानतळापर्यंत पुरतो.

सगळं धरून माणशी एकोणचाळीस-चाळीस हजार येन. मोठ्या पासला पन्नास हजार, आणि तो सातच दिवस चालणार, तुमचा टोकियो ते ओसाका प्रवास सातात बसतच नाही. तेव्हा मोठा पास नको. वाचलेल्या पैशात क्योटोत एक रात्र जुन्या पद्धतीच्या रयोकानमध्ये राहावा, चटईवर गाद्या घालून झोपायचं आणि गरम पाण्याच्या हौदात बसायचं.

तिकिटाबद्दल. शिंकान्सेनची सीट बरोबर एक महिना आधी, जपानच्या सकाळी दहाला सुटते. आपल्याकडं तेव्हा साडेसहा वाजलेले असतात, म्हणजे तुमच्या तात्काळच्या सवयीला हे काहीच नाही. वेटिंग लिस्ट, आरएसी हा प्रकार तिथं नाही, सीट आहे किंवा नाही. कागायाकीत सगळेच डबे रिझर्व्ह, ती फुल दिसली तर हाकुताका घ्या, अर्धा तास जास्त लागतो पण तिला बिनरिझर्व्ह डबेही असतात. रोजच्या दिवशी एवढी मारामारी नसते. पण तुम्ही भाऊबीज उरकून म्हणजे ११ नोव्हेंबरनंतर निघालात तर क्योटोत पोचाल ते ऐन पानगळीच्या रंगात, आणि २३ नोव्हेंबरला सोमवारी तिथं सरकारी सुट्टी आहे, शनिवार-रविवार धरून सगळा जपान त्या तीन दिवसांत क्योटोत लोटतो. त्यामुळं विमानाच्या खालोखाल पहिलं बुकिंग क्योटोच्या हॉटेलचं करा, टोकियोचं नंतर केलं तरी चालतंय. आणि त्या दिवसांतली क्योटोहून निघायची सीट विक्री सुटली त्याच सकाळी घ्या.

स्टेशनवर कागदी तिकीट घेतलंत तर बऱ्याचदा दोन कागद हातात येतात, एक मूळ भाड्याचा आणि एक एक्स्प्रेसचा. नवीन माणूस इथंच अडतो. दोन्ही एकावर एक ठेवून गेटच्या फटीत एकदमच सारायचे, मशीन दोन्ही वाचून पलीकडच्या बाजूला वर काढून देतं, ते उचलायचे आणि जपून ठेवायचे कारण उतरताना परत लागतात. एकच घातला तर गेट बंद होतं आणि मागं लाइन थांबते. घाबरायचं काही नाही, शेजारी खिडकीत माणूस असतो, दोन्ही कागद दाखवले की तो सोडतो. प्लॅटफॉर्मवर जमिनीवर डब्याचे नंबर लिहिलेत, आपल्या नंबरापाशी जाऊन रांगेत थांबा, दार बरोबर तिथंच येतं. मधल्या स्टेशनांवर गाडी मिनिट-दोन मिनिटंच थांबते, डबा शोधत पळायला वेळ नसतो, म्हणून पाच मिनिटं आधी नंबरावर उभं राहायचं. गाडी सुरू झाल्यावर कंडक्टर डब्यात येतो तेव्हा दारात वाकून नमस्कार करतो आणि डबा सोडतानाही पाठ फिरवायच्या आधी वळून परत वाकतो, मला ते दर वेळी बघत राहावंसं वाटतं.

बॅग मोठी नेऊ नका. तुमच्या रस्त्यावरच्या ओसाका-हिरोशिमा शिंकान्सेनला नियम आहे, बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर मागच्या जागेची खास सीट आधी रिझर्व्ह करायला लागते, वेगळे पैसे नाहीत, पण न करता तशीच आणली तर १,००० येन घेतात. माणशी एक मध्यम बॅग आणि पाठीवरची सॅक बास. बिझनेस हॉटेलात कपडे धुवायचं मशीन बहुतेक असतंच. आणि ताक्क्यूबिन नावाची सोय वापरा, क्योटोच्या हॉटेलच्या काउंटरवर मोठी बॅग द्या, ओसाकाच्या हॉटेलचा पत्ता आणि पोचायची तारीख लिहा, दोन-तीन हजार येनांत बॅग तिकडं जाऊन थांबते. तुम्ही दोघं हिरोशिमाला दोन रात्री नुसती सॅक घेऊन.

हिरोशिमाला दोन रात्री द्या म्हणते ते याच्यासाठी की शांतता स्मारक संग्रहालय आणि मियाजिमा एका दिवसात करायचे नाहीत. संग्रहालयातनं बाहेर आल्यावर माणूस लगेच कुठं फिरायला जाण्याच्या मनःस्थितीत नसतो. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळचे पोरांचे जेवणाचे डबे, कपडे तिथं ठेवलेत. त्या दुपारी काही ठरवू नका, नदीकाठी चाला, ट्रामनं गावातनं एक चक्कर मारा. मियाजिमा दुसऱ्या दिवशी, आणि जायच्या आधी भरती-ओहोटीची वेळ बघा, भरतीला तिथल्या देवळाची लाल कमान पाण्यात उभी दिसते आणि ओहोटीला तिच्या पायापर्यंत चालत जाता येतं, दोन्ही बघायचं तर सहा तास बेटावर काढा.

सासऱ्यांना सांगा, काळजी बरोबर आहे त्यांची. पण ग्रुप टूर बहुतेक बसनं फिरवतात आणि शिंकान्सेनचा एखादा छोटा तुकडा चवीपुरता देतात, तुमचा तर सगळा जीव त्या गाडीत. स्टेशनवर पाट्या इंग्रजीतही असतात, लाइनला अक्षर आणि स्टेशनला नंबर असतो, आणि पत्ता विचारला तर माणूस बरोबर चालत येऊन दाखवतो असा अनुभव बहुतेकांना येतो. त्यांना रोज रात्री हॉटेलवर पोचल्यावर एक फोन करा, आपल्यापेक्षा जपान साडेतीन तास पुढं आहे, तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे त्यांचे साडेपाच, चहाच्या वेळेला फोन येईल.

व्हिसासाठी रोजचा कार्यक्रम तारखेवार लिहून द्यायला लागतो, कुठल्या रात्री कुठलं हॉटेल ते सगळं, म्हणून वरचा प्लॅन आधी पक्का करा. भारतात राहणाऱ्यांना २०२४ पासून ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसा केंद्रामार्फत. एका वेळच्या प्रवेशाचा व्हिसा दिल्या तारखेपासून तीन महिनेच चालतो, तेव्हा गणपती झाले की सप्टेंबर अखेरीला अर्ज करा, जूनमध्येच करून बसू नका. तोवर हॉटेलं फुकट रद्द होणारी घ्या.

प्रश्न: आम्ही दोघंही शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. जपानला जायची इच्छा आहे पण सगळे म्हणतात उपाशी मराल. खरं का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: उपाशी मरणार नाही, पण तयारीनं जायला लागेल. तिथं अडचण मांसाची कमी आणि रश्शाची जास्त आहे. जवळजवळ सगळ्या पातळ पदार्थांत दाशी म्हणून जे पाणी असतं ते सुक्या माशाचं असतं, नूडल्सचा सूप, भाजीची ग्रेव्ही, सॉस, सगळीकडं. वरनं भाजी दिसते म्हणून शाकाहारी असं धरू नका. आणि 'मांस नको' म्हटलं तर मासा चालतो असं समोरचा समजतो, म्हणून मांस, मासा, अंडं, माशाचं पाणी नको, असं जपानीत लिहिलेलं एक कार्ड छापून खिशात ठेवा आणि ऑर्डर द्यायच्या आधी दाखवा.

क्योटोत देवळांजवळ शोजिन र्योरी नावाचं भिक्षूंचं जेवण मिळतं, ते मुळातच बिनमांसाचं, टोफू, तीळ, भाज्या असं दहा वाट्यांत वाढतात, महाग आहे पण एकदा घ्याच, तिथंही दाशी कसली ते विचारून घ्या. टोकियोत निशी-कासाई भागात भारतीय वस्ती आहे, आणि मोठ्या गावांत भारतीय हॉटेलं मिळतात.

बाकी दिवसांसाठी माझा सल्ला असा की राहायला छोटं किचन असलेली जागा बघा. कॉन्बिनीत म्हणजे चोवीस तासाच्या दुकानात शिजवलेल्या भाताची पाकिटं मिळतात, दोन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवली की गरम भात. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लोणचं इथनं न्या. प्रवासात भडंग. भडंगाला सांडायची सवय असते, शिंकान्सेनमध्ये खायला पूर्ण परवानगी आहे पण कागद पसरून खावा आणि कचरा बरोबर ठेवा, रस्त्यावर कचराकुंडी शोधून सापडत नाही. गावातल्या लोकलमध्ये मात्र कुणी काही खात नाही, तिथं नको. ओनिगिरी नावाचे भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात, त्यात उमेबोशी म्हणजे खारवलेल्या फळाचा असतो तो बहुतेक शाकाहारी चालवून घेतात, पाकिटाचा फोटो काढून मोबाईलवर भाषांतर करून एकदा घटक वाचा.

हेच वाचून कुणी खाणारे मटणाचं लोणचं किंवा सुकं घेऊन जायचं म्हणत असतील तर ते मात्र जमायचं नाही. मांसाचा कुठलाही पदार्थ जपानमध्ये न्यायला बंदी आहे, सामान तपासणारी कुत्री विमानतळावर असतात. ताजी फळंही बॅगेत ठेवू नका.

प्रश्न: गावातल्या गावात फिरायला रोज तिकीट काढत बसायचं का? आणि पैसे रोख किती न्यायचे?
— एक वाचक, कागल

उत्तर: टोकियोत उतरल्यावर सुइका नावाचं, आधी पैसे भरून वापरायचं कार्ड घ्या, माणशी एक, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. परदेशी पाहुण्यांसाठी वेलकम सुइका म्हणून २८ दिवसांचं मिळतं, त्याला डिपॉझिट नाही. गेटवर टेकवा, आत जा, उतरताना टेकवा. मेट्रो, लोकल, बस, कॉन्बिनीतलं पाणी, सगळं त्यावर होतं आणि तेच कार्ड क्योटो, ओसाका, हिरोशिमातही चालतं. फक्त टोकियोच्या पट्ट्यात टेकवून ओसाकाच्या पट्ट्यात बाहेर पडता येत नाही, लांबच्या प्रवासाला वेगळंच तिकीट. रोख थोडी लागतेच, छोटी हॉटेलं, देवळांची तिकिटं, आणि कार्डात पैसे भरायची बरीचशी मशीनं नोटाच घेतात. सगळे पैसे इथनंच नेऊ नका, सेव्हन-इलेव्हनच्या एटीएमवर परदेशी कार्डं चालतात, निघायच्या आधी बँकेत सांगून आंतरराष्ट्रीय वापर सुरू करून घ्या. येनाचा भाव पंचावन्न-साठ पैशांच्या आसपास फिरतो, मनातल्या मनात किमतीचं निम्मं करून त्यात थोडं मिळवायचं की रुपये आले.

प्रश्न: मिस्टरांना सारखी सर्दी असते, रोजच्या गोळ्या बरोबर न्यायला चालतात का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर: गोळीचं नाव नको, आतलं औषध बघा. स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या जपानमध्ये न्यायला मनाई आहे, आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही कडक नियम आहेत. डॉक्टरांना पाकीट दाखवून त्यातलं काही नसलेली गोळी लिहून घ्या. बीपी, शुगरची रोजची औषधं एक महिन्यापर्यंतची चालतात, मूळ पाकिटातच ठेवा आणि चिठ्ठी इंग्रजीत घ्या. महिन्याच्या वरचा साठा असेल तर आधी परवानगीचा कागद काढायला लागतो, तो ऑनलाइन मिळतो पण वेळ लागतो, महिनाभर आधी मागं लागा. आणि बरोबर दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर न्या, आपला तीन पिनांचा प्लग तिथं भिंतीत जात नाही, आणि वीज १०० व्होल्टची आहे, मोबाईलचा चार्जर चालतो, पण घरची पाणी तापवायची किटली नेऊ नका, हॉटेलच्या खोलीत बहुतेक असतेच.